चष्मा लावून दिवसभर घालता येतील असे क्लोज्ड-बॅक हेडफोन कोणते?

निशाचर
काम ऑडिओबुकच्या एडिटिंगचं, अधूनमधून रेकॉर्डिंगही. रोज सहा-सात तास हेडफोन डोक्यावर. रेकॉर्डिंगच्या वेळी हेडफोनमधला आवाज माइकमध्ये शिरायला नको, म्हणून ओपन-बॅक (मागची बाजू उघडी असलेले) बाद. ब्लूटूथही नको, आवाज मागे पडतो. चष्म्याच्या काड्या जाड, कान मोठे, मुक्काम ठाणे, आणि रेकॉर्डिंग चालू असताना पंखा-एसी दोन्ही बंद. बजेट १५ हजारांच्या आसपास.

यादीत चार आहेत: सोनी एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स, बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो आणि सेनहायझर एचडी २८० प्रो. यातले सहा तास सोसवतील असे कोणते? आणि डीटी ७७० घ्यायचे तर ३२, ८० की २५० ओहम (विजेला होणारा अडथळा)? लॅपटॉपला साधा दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक आणि हेडफोन ज्याला लावतात तो डबा) जोडलेला आहे.

ध्वनिवेडा
वजनावर जाऊ नका. चारही केबल सोडून २३० ते २८५ ग्रॅममध्ये बसतात, तेवढ्याने मान दुखत नाही. त्रास होतो तो दोन गोष्टींनी: डोक्यावरच्या पट्टीची पकड आणि कानाभोवतीच्या गादीच्या आतली जागा.

आधी मोजपट्टी घेऊन कानाची उंची मोजा. मोठ्या माणसाचा कान साधारण ६ ते ७ सेंमी असतो. मग आरशात बघून कान डोक्यापासून किती बाहेर आलाय तेही मोजा. गादी दाबली गेल्यावर उरणारी खोली त्याहून कमी असेल तर कानाची कड आतल्या जाळीला टेकते. पहिल्या दहा मिनिटांत हे कळतही नाही, तासाभराने तीच कड ठणकायला लागते. ७५०६ची गादी पातळ आणि अंडाकृती, एम५०एक्सचं तोंडही अरुंद. मोठा कान या दोन्हींत पूर्ण मावत नाही, पाळी गादीखाली दुमडते. डीटी ७७०ची गादी गोल आणि ऐसपैस. तुमच्या कानांना यादीतली तीच बसेल.

एचडी २८० सरळ खोडा. बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो असं कंपनी सांगते, पण त्यासाठीची पकड इतकी घट्ट आहे की चष्म्याची काडी कानामागच्या हाडात रुतते. तासाभराच्या रेकॉर्डिंगला उत्तम, दिवसभराच्या एडिटिंगला नाही.

आता चष्म्याचं. काडीमुळे गादी आणि कातडी यांच्यात फट राहते. क्लोज्ड-बॅकमध्ये खालचे स्वर टिकतात ते गादीच्या आतली हवा कोंडलेली असते म्हणून. फट पडली की आधी बेस जातो. तपासायला सोपं आहे: ओळखीचा आवाज लावा आणि दोन्ही वाट्या तळव्याने हलकेच दाबा. दाबल्यावर बेस एकदम फुगला तर फट आहे. हे नुसतं गाणी ऐकण्यापुरतं नाही. विजेची ५० आणि १०० हर्ट्झची घरघर, प-फ-भ वर माइकवर आदळणारा फुत्कार, हे सगळं तिथेच खाली असतं. तुम्हाला ते ऐकू येत नाही आणि फाइल तशीच पुढे जाते. म्हणून काडी बारीक धातूची असलेली बरी. निदान एडिटिंगसाठी एक वेगळी फ्रेम ठेवा. हेडफोनवर जास्त पैसे घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

खारा वारा
वरच्या प्रतिसादाला +१. गादीच्या कापडाबद्दल थोडी भर.

७५०६ आणि एम५०एक्सला रेक्झिनसारखी गादी येते. ती आवाज चांगला कोंडते, पण आत घाम साचतो. शिवाय ती पॉलियुरेथेनची असते आणि दमट हवेत तिचा थर हळूहळू सुटतो. ठाणे, मुंबई, कोकण, गोवा, सगळीकडे तेच: काळे पापुद्रे कानावर, मानेवर, शर्टाच्या कॉलरवर. वापरा किंवा कपाटात ठेवा, सुटायचा तो सुटतोच. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसलंत तर आणखी लवकर. किंचित ओलसर सुती कापड, मग कोरडं कापड, बस्स. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका.

डीटी ७७०च्या ८० आणि २५० ओहमला करडी मखमली गादी येते. ती श्वास घेते, काडीभोवती नीट बसते, घामाने चिकटत नाही. तोटा एवढाच की बाहेरचा आवाज रेक्झिनपेक्षा थोडा जास्त आत येतो आणि आतला थोडा जास्त बाहेर जातो. माइक तोंडापासून वीतभर असेल आणि आवाज बेताचा ठेवलात तर रेकॉर्डिंगमध्ये येणार नाही. क्लिक ट्रॅक (ठेक्यासाठी लावलेली टिकटिक) मोठ्याने ऐकायची सवय असेल तर मात्र येईल.

आणखी एक. डीटी ७७०चे वरचे स्वर टोकदार आहेत. स, श, च खऱ्यापेक्षा बोचरे लागतात. त्याला घाबरून डी-एसर (स-श बोथट करणारं एडिटिंगचं साधन) जास्त मारलात तर निवेदक बोबडा वाटेल. पहिले काही दिवस शेवटची तपासणी दुसऱ्या स्पीकरवर करा.

निशाचर
भारी माहिती, दोघांचेही आभार. म्हणजे डीटी ७७० जवळपास ठरलं. ओहमचं राहिलं. आणि दुकानात कानांवर घट्ट वाटले तर तो प्रकार सैल होतो का?

टाकीवरचा कावळा
ओहमचा हिशोब सोपा आहे. तिन्हींना कंपनी १ मिलिवॉटला ९६ डेसिबल सांगते. तेवढी ताकद द्यायला ३२ ओहमला सुमारे ०.१८ व्होल्ट लागतात, ८०ला ०.२८, २५०ला ०.५. तुमचा इंटरफेस १ व्होल्ट देत असेल असं धरा: २५०ला १०२ डेसिबल, ८०ला १०७. म्हणजे २५० सुद्धा मुका राहणार नाही, पण हळू रेकॉर्ड झालेलं निवेदन ऐकताना नॉब शेवटापर्यंत न्यावा लागेल. ८० घ्या. त्याची केबल ३ मीटर आणि सरळ, २५०ची गुंडाळीची. गुंडाळीची केबल एका बाजूने ओढत राहते आणि डावी वाटी खाली सरकते. दोन्हींची केबल काढता येत नाही, त्यामुळे खुर्चीच्या चाकाखाली आली की काम संपलं. टेबलाच्या कडेला क्लिप लावून टाका.

घट्ट असेल तर: डीटी ७७०ची पट्टी स्प्रिंग स्टीलची आहे, सैल करता येते. पुस्तकांची चळत किंवा खोका घ्या, रुंदी तुमच्या डोक्यापेक्षा २ ते ३ सेंमी जास्त, त्यावर हेडफोन रात्रभर चढवून ठेवा. सकाळी घालून बघा. कमी वाटलं तर आणखी एक रात्र. एकदम ५-६ सेंमी ताणू नका, पकड गेली की मघाशी सांगितलेली फट कायमची. आणि वाटीच्या काट्याला (वाटी पट्टीला जोडणारा भाग) धरून ओढायचं नाही, ताण पट्टीवर यायला हवा.

ध्वनिवेडा
सहा-सात तास म्हणजे आठवड्याला ४० तासांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात मोठ्या माणसाला तेवढ्या वेळासाठी ८० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. चष्म्याच्या फटीतून गेलेला बेस भरून काढायला नॉब वाढवणं हा त्यातला नेहमीचा सापळा. निवेदन आरामात समजतंय तिथे नॉबवर पेनने खूण करा आणि एडिटिंगला तिच्या पुढे जाऊ नका.

खारा वारा
मखमली गाद्या धुता येतात. वाटीभोवतीच्या खाचेत गादीची झालर बसवलेली असते. एका जागी नख घालून झालर उचला आणि गोल फिरवत काढा. आतली स्पंजची चकती आहे तिथेच राहू द्या, ती काढली तर आवाज बदलतो. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, हाताने दाबून धुवा, पिळू नका. सावलीत वाळवा. पावसाळ्यात आतला फोम पूर्ण दिवसातही वाळत नाही, तेव्हा गाद्यांचा जादा जोड जवळ ठेवा. परत बसवताना झालर खालून सुरू करून दोन्ही अंगठ्यांनी वर चढवत न्या, शेवटचे दोन-तीन सेंमी अडतात. नवी गादी घेताना मूळ मापाचीच घ्या. जाड मेमरी फोमच्या, दुसऱ्या कंपन्यांच्या गाद्या कानाला मऊ लागतात, पण ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) कानापासून लांब जातो आणि आवाजाचा तोल बिघडतो.