मदत हवी आहे: आवाज न करणारा छोटा पीसी, बजेट २५ हजार

घरी, नाशिकच्या इंदिरानगरला, आईच्या गाण्याच्या शिकवणीचं रेकॉर्डिंग आणि ऑडॅसिटीत एडिटिंग करतो. माइक टेबलावरच असतो, त्यामुळे जुन्या टॉवरच्या पंख्याची घरघर तानपुऱ्यात मिसळते. पंखा साफ केला, बायॉसमध्ये वेग कमी केला, कॅबिनेट टेबलाखाली ठेवलं. फरक पडला, पण पुरेसा नाही. शिवाय त्यातला प्रोसेसर सहाव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

मॉनिटर (एचडीएमआयचा), कीबोर्ड, इन्व्हर्टर सगळं आहे. फक्त डबा हवाय. लॅपटॉप नको, चांगला मॉनिटर असताना दुसऱ्या स्क्रीनचे पैसे कशाला द्यायचे? मॅक मिनी मनापासून आवडतो, पण बजेटबाहेर आहे. गेमिंग अजिबात नाही. १६ जीबी रॅम आणि एसएसडी मात्र हवीच.

दोन पर्याय डोळ्यासमोर आहेत. एक, रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) लेनोवोचा मिनी पीसी थिंकसेंटर एम७२०क्यू, आय५-८५००टी प्रोसेसरवाला: सहा कोअर, ३५ वॅट, पण आत छोटा पंखा आहे. दुसरा, इंटेल एन१०० प्रोसेसरचा बिनपंख्याचा नवा पीसी: चार कोअर, फक्त ६ वॅट.

ज्यांनी प्रत्यक्ष वापरलेत त्यांनी सांगा: रेकॉर्डिंग चालू असताना एम७२०क्यूचा पंखा माइकला ऐकू येतो का? नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, एसी नसलेल्या खोलीत, बिनपंख्याचा एन१०० तापून मंदावतो का? आणि एमजी रोड किंवा कॅनडा कॉर्नरला वॉरंटीसह रिफर्बिश्ड मिनी पीसी चालू करून, आवाज ऐकवून देणारं खात्रीचं दुकान कोणतं?