क्लच दाबला की खडखड बंद: बेअरिंग की डिस्क?

प्रश्न (सातारा)
मंडळी, प्रोटोटाइप गाडी आहे, चार सिलिंडर डिझेल, पाच गिअरचा मॅन्युअल. सकाळी थंड असताना काही नाही. यवतेश्वर घाट चढून-उतरून आणली की न्यूट्रलमध्ये आयडलला, ८०० आरपीएमवर, बेल हाउसिंगकडून (क्लचवरच्या कवचाकडून) खडखड सुरू. पेडल दाबलं की गप्प. टीममधले काहीजण इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं म्हणतात. गिअरबॉक्स उतरवायचा का?

उत्तर (सातारा एमआयडीसी)
एवढ्यात उतरवू नका. पेडल दाबलं की इनपुट शाफ्ट थांबतो, मग बेअरिंग असो की गिअर रॅटल (मोकळ्या गिअरांची खडखड), दोन्ही गप्पच होणार. क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग तेवढं उलटं, ते पेडल दाबल्यावर बोलतं. खरी खूण आहे तापलेलं तेल. थंड, घट्ट तेल मोकळ्या गिअरांना धरून ठेवतं. पातळ झालं की बॅकलॅशमध्ये, म्हणजे दातांमधल्या फटीत, दातावर दात आपटतात. चार सिलिंडरला फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे ८०० ला २६.७ हर्ट्‌झचे धक्के. आयडल ९५० करून ऐका. खडखड विरली तर रॅटल; बेअरिंगची घरघर वेगाबरोबर चढते.

उत्तर (सांगली)
कानावर सोडू नका, मोजा. एक स्पीड सेन्सर फ्लायव्हीलच्या रिंग गिअरवर, दुसरा इनपुट शाफ्टच्या गिअरवर. २६.७ हर्ट्‌झला दोन्हींच्या वेगाचे हेलकावे ताडून बघा. तेलाचं तापमान प्रत्येक वेळी तेच हवं, ड्रेन प्लगमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बसवा. एसी बंद. नाहीतर दोन रीडिंगची तुलनाच होत नाही.

प्रश्नकर्ता
९५० ला आवाज जवळजवळ गेला. सेन्सरही लावले: तेल ८० अंशांवर, इनपुट शाफ्टचे हेलकावे फ्लायव्हीलच्या १.४ पट. जाड तेल घालून भागेल का?

उत्तर (सांगली)
जाड तेलाने आवाज झाकला जाईल, पण थंडीत सकाळी गिअर जड पडतील. दोष तसाच राहतो. आयडलला क्लच डिस्कने हेलकावे कमी करायला हवेत, इथे वाढतायत. म्हणजे प्री-डँपरची (डिस्कमधल्या आयडलसाठीच्या मऊ स्प्रिंगांची) मऊ पायरी अडकली आहे, किंवा तिचे फिरण्याचे थोडे अंश संपून काम मुख्य कडक स्प्रिंगांवर चाललंय. बहुतेकदा घर्षण वॉशरमुळे हिस्टेरिसिस (जाता-येताना टॉर्कमध्ये पडणारा घर्षणाचा फरक) जास्त होतो, मग मऊ स्प्रिंग असून नसल्यासारखी.

डिस्क काढून टॉर्शन रिगवर (पीळ देऊन मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्ही दिशांना फिरवा, टॉर्क आणि अंशांचा आलेख काढा. जाता-येतानाच्या रेषांमधल्या, शून्याजवळच्या फासाची रुंदी ड्रॉइंगशी जुळवा. जास्त निघाली तर फक्त वॉशर बदला, त्याच वेळी स्प्रिंगांना हात लावू नका. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.