सँड वेज वेगळी का लागते?

गोल्फमध्ये चेंडू मारण्याच्या काठ्यांना क्लब म्हणतात. वेज हा चेंडू उंच उचलून जवळच्या अंतरावर टाकणारा क्लब, आणि सँड वेज ही त्यातली खास वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढण्यासाठीची. ‘पिचिंग वेज (नेहमीची, गवतावरून मारायची वेज) असताना सँड वेज घेण्याची गरज नाही’ असे काही जण म्हणतात, त्याच्याशी मी सहमत नाही. पिचिंग वेजचा लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या पुढच्या पृष्ठभागाचा मागे झुकलेला कोन, साधारण ४५ अंशांच्या आसपास, तर सँड वेजचा ५४ ते ५८ अंश असतो, हे खरेच. पण मुख्य फरक तळाच्या घडणीत आहे. सँड वेजचा तळ रुंद असून त्याची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेली असते. या उताराला बाउन्स म्हणतात. त्यामुळे चेंडूच्या इंच-दोन इंच मागे वाळूत शिरलेला क्लब खोल न रुतता सरकत बाहेर येतो आणि चेंडू वाळूच्या थरासकट उचलला जातो. गोल्फपटू जीन सॅराझेन यांनी अशीच वेज घडवून १९३२ सालच्या ब्रिटिश ओपनमध्ये वापरली आणि ती स्पर्धा जिंकली. कडक, कोरड्या जमिनीवर मात्र हाच बाउन्स उसळून क्लबची धार चेंडूच्या मध्यावर आदळू शकते. तेथे पिचिंग वेजच बरी. नियमानुसार पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात, तेव्हा नवशिक्यांनी क्वचितच नीट लागणारे ३ क्रमांकाचे आयर्न (लांब पल्ल्याचा, कमी लॉफ्टचा क्लब) काढून त्याजागी सँड वेज ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.