लाळेऱ्याचा गळा सपाट बसत नाही, तातडीने मदत हवी आहे

मनमंजिरी
मैत्रिणीला बाळ झालंय. रविवारी बघायला जायचंय आणि विकतचं काही न्यायचं नाही असं ठरवून बसले आहे. म्हणून लाळेरी शिवायला घेतली. पुढे कापड, मागे टॉवेल, उलट बाजूने टीप मारायची, ठेवलेल्या फटीतून सुलटं करायचं, संपलं काम. पण गळ्याचा गोल सपाट बसतच नाही. कापड फुगतं आणि सगळा गोळा होतो. पुन्हा शिवलं तरी तेच. मशीन बिघडलंय का? दुसरं काही शिवायला वेळ नाही, तेव्हा कृपया लाळेऱ्याबद्दलच सांगा.

खटपट्या
मशीन कोणतं? सुई किती नंबरची? दोरा कुठला? टाका किती लांबीचा ठेवलाय? आधी वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा, मग बॉबिन काढून पुन्हा भरा. दहापैकी नऊ वेळा दोष तिथेच असतो.

घारी
गळ्याला काप दिले होते का?

मनमंजिरी
खटपट्या, साधं घरगुती मशीन आहे. सुई जी लावलेली होती तीच. घारी, काप म्हणजे? कात्री लावली तर टीप सुटेल ना.

घारी
नाही सुटत, नीट दिलेस तर. टीप मारून झाली की आधी शिलाईची माया, म्हणजे टिपेबाहेर उरलेलं कापड, कापून कमी कर. अर्धा इंच सोडली असशील तर पाव इंच ठेव, आणि टॉवेलची त्याहूनही बारीक, म्हणजे दोन्ही कडा एकावर एक येऊन जाड वरंबा होणार नाही. मग टोकदार कात्रीने गळ्याच्या गोलावर बोटा-बोटाच्या अंतरावर सरळ काप द्यायचे, टिपेच्या धागाभर अलीकडे थांबायचं. गळा आत वळलेला असतो, सुलटं केल्यावर त्याची माया ताणली जायला हवी, काप नसतील तर ती ओढून धरते. खालचा बाहेरचा गोल उलट वागतो. तिथे माया जास्त होऊन आत दाटते, म्हणून तिथे सरळ काप नकोत, छोटे त्रिकोण काढून टाक. मग सुलटं कर, टॉवेलच्या बाजूने इस्त्री फिरव आणि कडेपासून ३ मिलिमीटरवर वरून एक टीप मार. सुलटं करायची फटही तिच्यातच बंद होते.

दोनटाके
लाळेरी वगैरे कशाला? दुपटं शिवा. मऊ मलमलचा १ मीटर चौरस तुकडा, चारही कडा दुमडून टीप. तासाभराचं काम, गोल नाही, काप नाहीत. आणि बाळाला लाळ सुटायला अजून अवकाश आहे. दुपटं पहिल्या दिवसापासून लागतं.

मनमंजिरी
दोनटाके, दुसरं काही नको असं वर लिहिलंय. घारी, थँक्यू, आजच करते.

रफूगर
हे उलटं-सुलटं प्रकरणच चुकीचं. टॉवेल जाड, त्यात काप, त्यात इस्त्री. दोन्ही थर सुलट बाजू बाहेर करून एकावर एक ठेवा आणि कडेने उरेब पट्टी, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी कापलेली पट्टी, लावा. पट्टी ४५ अंशांत, ४ सेंटिमीटर रुंद कापायची. गळ्याला लावताना किंचित ओढून धरायची, बाहेरच्या गोलाला किंचित सैल सोडायची. काप नाहीत, माया नाही, कड स्वच्छ.

घारी
उरेब पट्टी नवशिक्या हातांना जमत नाही. आतल्या बाजूची टीप हमखास पट्टीवरून घसरते.

रफूगर
घसरते कारण लोक टाचण्यांवर विसंबतात. कच्चा धावदोरा घाला, मग मशीनवर घ्या. दहा मिनिटं वाचवायची आणि तासभर उसवत बसायचं, हा उद्योग मला कधीच कळला नाही.

खटपट्या
सुईचा नंबर अजून सांगितलेला नाही. टॉवेलवर ११ नंबरने शिवत असाल तर टाके सुटणारच. १४ लावा. टॉवेल खाली, मशीनच्या कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या बाजूला ठेवा. पातळ कापड वर. उलटं ठेवलंत तर टॉवेल पुढे सरकतो.

टिकलीबाई
अवांतर: लाळेऱ्यासोबत कापडी ससा केला तर छान दिसेल. मी डोळ्यांना काचेचे मणी लावते, चमकतात.

घारी
तान्ह्या बाळाच्या सशाला मणी? टिकलीबाई, नका हो. मणी, बटण, घुंगरू काहीच नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात घालून तपासतात. त्यात मावला की तो भाग नापास, कारण तो घशात अडकू शकतो. डोळे दोऱ्यानेच भरा.

टिकलीबाई
माझे मणी पक्के असतात, आजवर एकही निघाला नाही.

घारी
निघेल तेव्हा बाळाच्या तोंडात असेल.

मनमंजिरी
धागा भरकटतोय. अपडेट देते: घारीने सांगितल्याप्रमाणे काप दिले, इस्त्री केली, वरून टीप मारली. एकदम सपाट बसलं, फार छान दिसत होतं. धुतलं आणि परत फुगलं!!

घारी
थांब. म्हणजे आधीचंही धुतल्यावरच फुगलं होतं?

मनमंजिरी
अर्थात. तान्ह्या बाळाला न धुता कसं देणार? यात सांगण्यासारखं काय आहे?

रफूगर
टॉवेल कापण्याआधी धुतला होता? आणि पुढचं कापड कोणतं?

मनमंजिरी
टॉवेल नवाच होता, धुवायचा कशाला. पुढे सॅटिन आहे, फिकट पिवळं.

खटपट्या
सॅटिन!

रफूगर
हे पहिल्या ओळीत हवं होतं. सुती टॉवेल पहिल्या धुण्यात आटतो, पॉलिएस्टरचं सॅटिन जवळजवळ आटत नाही. मागचं लहान झालं, पुढचं तेवढंच राहिलं, ते जाणार कुठे? फुगणारच. काप, ताण, सुई सगळं बरोबर असतं तरी हेच झालं असतं.

घारी
शिवाय सॅटिन लाळ शोषत नाही. ओघळून थेट मानेत जाईल. पुढे सुती घे आणि दोन्ही कापडं कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळव. बाळाचे कपडे जसे धुतले जाणार तसेच. आणि फॅब्रिक कंडिशनर घालू नकोस, त्याने टॉवेलची शोषायची ताकद कमी होते.

मनमंजिरी
नवीन कापड आणून, धुऊन, वाळवून... आज शुक्रवार आहे. जे आहे त्यातच काही होईल का?

रफूगर
होईल. उसवा. टॉवेल आता आटून झालाय, तो वाया नाही. सॅटिन काढून टाका. कापांच्या पलीकडे नवी कड काढून टॉवेल थोडा लहान कापा आणि नुसत्या टॉवेललाच उरेब पट्टी लावा. पट्टी कुठल्याही जुन्या, धुतलेल्या सुती कापडाची चालेल. एकच थर, फुगायला काही उरतच नाही.

घारी
या वेळी रफूगरांशी सहमत. फक्त याच वेळी.

दोनटाके
मी तेव्हाच दुपटं म्हणाले होते. हवं तर टोपडंही होतं अर्ध्या तासात.

पाहुणा
टोपडं घालून झोपवू नका. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांत घरात झोपताना टोपी नको असंच आहे. उशी, गोधडी, मऊ खेळणीही वर्षाच्या आतल्या बाळाच्या बिछान्यात नकोत.

दोनटाके
झोपेचं कोण बोललं? बाहेर नेताना घालायला म्हटलं मी.

पाहुणा
लाळेरंही झोपताना काढायचं असतं, तेही बाळाच्या आईला लिहून द्या.

मनमंजिरी
टॉवेल उसवला, पट्टी कापतेय. मागे बांधायला लांब नाड्या लावल्यात, त्या राहू देऊ?

घारी
काढ. मानेशी लांब नाडी नको, कुठे अडकली तर सुटत नाही. वेल्क्रो लाव, ओढलं की उघडतं. कोपरे गोल काप आणि खरखरीत बाजू मानेकडे येऊ देऊ नकोस.

खटपट्या
वेल्क्रो धुताना टॉवेलचे फासे ओढून काढतं. टिचबटण बरं.

घारी
वेल्क्रो बंद करून धुवायचं, एवढंच. शिवलेलं टिचबटण सैल झालं तर पुन्हा तोच घशाचा प्रश्न.

खटपट्या
पक्कडीने दाबून बसवायचं, शिवायचं कशाला?

मनमंजिरी
वेल्क्रोच लावते, घरात आहे. पक्कड नाहीये. रफूगर, पट्टी बाहेरच्या गोलाला कमी पडली. जोड कुठे देऊ?

रफूगर
गळ्याजवळ नको. बाजूच्या सरळ भागात द्या. पट्टीची टोकं काटकोनात ठेवून टीप तिरकी मारा, माया उघडून इस्त्री करा. जोड आधी, मग पट्टी लावायची.