अनुभव धागा: अहमदाबादच्या स्टडी टूरमधून तुम्ही काय घेऊन आलात?

लेक डिझाईनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरात त्यांची स्टडी टूर अहमदाबादला जातेय. विद्यार्थिदशेत मीही त्या शहरात आठ दिवस होते. तिने विचारलं, "आई, तिथे नक्की काय बघू?" मी यादी सांगायला लागले आणि मध्येच थांबले. यादी तिच्या हातात आहेच. मला आठवत होता तो अडालजच्या वावेतला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीतला गारवा.

शहराबाहेर १८ किलोमीटरवर, १४९९ सालची, पाच मजले खोल विहीर. आमच्या सरांची अट होती की प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटं बसायचं, मगच पुढे उतरायचं. तीन बाजूंचे जिने जिथे एकत्र येतात तिथे मानेवरचा घाम सुकला. आणखी खाली गेल्यावर ओढणी खांद्यावर ओढून घेतली. तोवर सेक्शन (वास्तू उभी कापली तर आतलं कसं दिसेल ते रेखाटन) म्हणजे माझ्यासाठी परीक्षेत काढायचं चित्र होतं. त्या दिवशी वहीत सेक्शन काढला आणि प्रत्येक मजल्याशेजारी अंगाला काय जाणवलं तेही लिहिलं. ती वही अजून आहे.

तुमच्या हातापायांना काय कळलं ते लिहा. शाखा कुठलीही चालेल. लेक सगळं वाचणार आहे.

हिरडा

मी टेक्स्टाईलची. आम्ही माता नी पचेडी रंगवणाऱ्या एका घरी तीन दिवस बसलो होतो. देवळात ज्यांना प्रवेश नव्हता त्या समाजाने कापडावरच देवीचं देऊळ उभं केलं, ही त्या कलेची मूळ गोष्ट. मधोमध देवी, भोवती भक्त आणि प्राणी.

पण मला धरून ठेवलं ते काळ्या रंगाने. ओसरीच्या कोपऱ्यात एक पिंप होतं, त्यात गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबत घातलेला. झाकण काढलं की आंबूस वास नाकात जायचा. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं, म्हणून पिवळसर. काकांनी बांबूची काडी त्या पाण्यात बुडवली आणि रेघ ओढली, तर ती फिकट तपकिरी! मला वाटलं, रंग कच्चा राहिला. ते म्हणाले, "थांब." बघता बघता रेघ काळी होत गेली. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की कापडावरच काळा तयार होतो. लाल तर त्याहून लपलेला. त्या जागी तुरटी आणि चिंचोक्याची खळ लावतात, तेव्हा काहीच नीट दिसत नाही. पुढे ॲलिझरीन (लाल रंग देणारं द्रव्य) आणि धायटीच्या फुलांबरोबर कापड उकळलं की लाल वर येतो. म्हणजे काढणाऱ्याने पूर्ण चित्र आधी मनात पाहिलेलं असतं.

मी तोवर स्क्रीनवर रंग निवडायचे आणि नाही आवडला तर बदलायचे. तिथे माझी एक रेघ चुकली, तर काकींनी त्या चुकीतून पोपटाची शेपटी काढून दिली. पुसायची सोयच नव्हती. आज मी नैसर्गिक रंगांतच काम करते, ते त्या तीन दिवसांमुळे.

लेकीला सांगा, एका घरी तीन दिवस मिळत असतील तर बाकीची ठिकाणं सोडली तरी चालतील. हे मी मनापासून सांगतेय.

बोरू

उपयोजित कला. गांधी रोडला फर्नांडिस पुलाखाली पुस्तकांचा बाजार आहे, तिथे जुनी गुजराती बालभारतीसारखी पुस्तकं चाळत दुपार घालवली. ग, म, प, त ओळखीचे. ख, च, ज, ब यांनी चेहरा बदललेला. आणि शिरोरेषा नाही. रात्री मुक्कामी मी 'पान', 'गगन', 'मंगल' हे शब्द देवनागरीत लिहून वरची रेघ खोडली. अक्षरं लगेच सुटी सुटी झाली, शब्द कुठे संपतो ते कळेना. आपल्याकडे शब्द बांधायचं काम ती रेघ करते. तिथे ते अक्षरांमधल्या अंतराला करावं लागतं. देवनागरी मी जन्मापासून वाचतोय, पण ती मला दिसली ती अहमदाबादेत.

रॅम्प

माझा पाय दुसऱ्याच दिवशी मुरगळला. वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या मिल ओनर्स (गिरणीमालक संघाच्या) इमारतीत (१९५४) रस्त्यापासून वर नेणारा लांब रॅम्प आहे. मैत्रिणी भराभर वर गेल्या, मी लंगडत. त्यामुळे पश्चिमेच्या तिरक्या काँक्रीटच्या पट्ट्यांमधून आतलं हळूहळू कसं उघडत जातं ते फक्त मी बघितलं. काँक्रीटवर फळ्यांचे ठसे आहेत, हात फिरवून बघा.

कवडसा

एका नावाजलेल्या इमारतीच्या फाटकावरून आम्हाला परत पाठवलं. परवानगीचं पत्र आमच्याकडून पोचलंच नव्हतं. वर्षभर ज्या जागेचे प्लॅन काढले तीच दिसली नाही, म्हणून मी चिडून जुन्या शहरातल्या एका 'पोळ'मध्ये, म्हणजे दाटीच्या गल्लीतल्या वस्तीत, ओट्यावर बसले होते. आतून एक बा (आजी) आल्या, "आवो, बेसो" म्हणत घरात घेऊन गेल्या.

चौकात फरशीत पितळी झाकण होतं. खाली पावसाच्या पाण्याचं टांकं, आपल्या गडांवरच्या टाक्यांचं घरगुती भावंडच. छपरावरचं पहिलं पाणी बाहेर सोडतात आणि गच्ची धुतली गेली की मग आत घेतात. मी वाकून बघितलं तर नुसता अंधार. बांनी कोनाड्यातला हातआरसा काढला, चौकात उतरलेल्या उन्हात धरला आणि कवडसा खाली सोडला. चुन्याच्या भिंती उजळल्या, तळापर्यंत पाणी दिसलं. त्यांच्या सासूबाईही पाणी स्वच्छ आहे का ते असंच बघायच्या म्हणे.

मी टेप काढून मापं घेतली. बांनी टेपचं दुसरं टोक धरलं, आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

धागाकर्ती

लेकीने रात्री सगळं वाचलं. सामानाच्या यादीत छोटा आरसा आणि पाच मीटरचा टेप लिहिलाय. हिरडा, त्या घराशी संपर्क कसा करायचा ते मला खाजगीत कळवाल का? ती तीन दिवसांसाठी सरांशी बोलणार आहे.