अहिराणी गाणं चॅनलला विकायचं की स्वतः काढायचं?

गिरणाकाठ: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गौराईच्या जुन्या चालीवर नवं अहिराणी गाणं तयार आहे. शब्द एकाचे, आवाज दुसऱ्याचा, ट्रॅक धुळ्याच्या अरेंजरकडून पैसे देऊन करून घेतलाय. एक चॅनलवाले एकरकमी 15,000 द्यायला तयार आहेत, पण करारात एकच ओळ आहे: 'गाण्याचे सर्व हक्क कायमचे दिले.' सही करावी का?

सुरपेटी: भाऊ, या कागदावर सही करू नका. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: शब्द-चाल ही एक, रेकॉर्डिंग ही दुसरी. 'सर्व हक्क' म्हटलं की दोन्ही एका रकमेत जातात.

कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली, ती गीतकार-संगीतकारासाठी फार मोलाची आहे. रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्ही वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देऊ शकता, चॅनलला नाही. तसं लिहून दिलं तरी ते कलम रद्दबातल. पण कोर्टात जाऊन हे सांगण्यापेक्षा करारातच नीट लिहून घेतलेलं बरं. 'कायमचे' खोडून वर्षं घाला, 3 किंवा 5. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे तो 'कायमचे' शब्दच सगळा घात करतो. हक्कांची यादीही वेगवेगळी लिहा: यूट्यूब, ऑडिओ अ‍ॅप, रील्स, सिनेमा-मालिका. द्यायचं तेवढंच द्या.

शब्द लिहिणाऱ्यानं आयपीआरएसचं सभासद व्हावं. ती गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी आहे. गायकासाठी वेगळी, इसाम्रा.

गिरणाकाठ: मग स्वतःच काढू. पण अरेंजर म्हणतो, ट्रॅक त्याचा आहे.

पांझरा_साउंड: इथंच बहुतेक गाणी अडकतात. पैसे दिल्याची पावती आणि 'हा ट्रॅक या गाण्यासाठी केला, हक्क निर्मात्याचे' एवढा त्याच्या सहीचा कागद आजच घ्या. सोबत 24 बिट वेव्ह फाइलमध्ये पूर्ण मिक्स, आवाजाशिवायचा ट्रॅक आणि प्रत्येक वाद्याचे स्टेम्स (वेगवेगळ्या फाइली) मागा. सगळे स्टेम्स शून्य सेकंदापासून सुरू झाले पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या स्टुडिओत जुळवताना ढोलकी एकीकडे आणि गळा दुसरीकडे जातो. फक्त एमपीथ्री घेऊन परत येऊ नका.

लूप (आधीच वाजवून ठेवलेले, पुन्हा पुन्हा वापरायचे तुकडे) कुठून घेतले तेही विचारा. बासरीची तयार लूप जशीच्या तशी वापरली असेल तर तीच लूप आणखी शेकडो गाण्यांत असते. असं गाणं कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणं ओळखून हक्क सांगणारी यंत्रणा) टाकलं की दुसऱ्यांच्या गाण्यांवर तुमचे खोटे क्लेम (हक्काचे दावे) जातात आणि डिस्ट्रिब्युटर (गाणं अ‍ॅप्सवर पोहोचवणारी कंपनी) तुमचं खातं बंद करू शकतो. ती ओळ गावातल्या बासरीवाल्याकडून वाजवून घ्या, आवाजही आपल्या मातीचा येईल.

आवाज मोठा करायला मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल, फार दाबू नका. स्पॉटिफाय उणे 14 लफ्सला (लफ्स म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) आवाज आणून ठेवतं. डीजेच्या भिंतीसाठी चिरडलेला मास्टर तिथं खाली ओढला जातो आणि संबळाचा टोलच मरतो. डीजेला वेगळी फाइल द्या.

सुरपेटी: तारखेचं आणखी एक. आखाजीच्या आठवड्यात अपलोड करू नका, निदान 4 आठवडे आधी डिस्ट्रिब्युटरकडे द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठीचा प्रस्ताव रिलीजच्या किमान 7 दिवस आधी जावा लागतो. गायकाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक गाण्यात अक्षरन् अक्षर तेच हवं, एक अक्षर बदललं की नवं प्रोफाइल उघडू शकतं. रील्ससाठी ऑडिओ डिस्ट्रिब्युटरकडूनच जाऊ द्या. नाहीतर लग्नात कोणी मोबाइलवर शूट करतो आणि गाणं 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून त्याच्या नावावर फिरतं.

तापीथडी: जुन्या चालीबद्दल सांगतो. गौराईची पारंपरिक चाल कुणा एकाची नाही. तरी तीच चाल कुणी आधी कंटेंट आयडीत टाकली असेल तर तुमच्या गाण्यावर क्लेम येईल. आला तर घाबरू नका, 5 दिवसांच्या आत डिस्प्यूट (हरकत) टाका. तसं केलं तर पहिल्या दिवसापासूनची कमाई यूट्यूब बाजूला ठेवतं. समोरच्याला उत्तराला 30 दिवस असतात. त्यानं क्लेम कायम ठेवला तर अपील करा, तिथं त्याला 7 दिवस. डिस्प्यूटमध्ये 'आमचं गाणं आहे' एवढंच लिहून भागत नाही. चाल पारंपरिक, शब्द नवे, रेकॉर्डिंग अमुक तारखेचं, असं स्पष्ट लिहा. स्टुडिओची पावती आणि स्टेम्स जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा.

पैशाचं खरं सांगायचं तर स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत 1000 वेळा गाणं वाजलं नसेल तर त्या गाण्याची रॉयल्टीच मिळत नाही. सुरुवातीची कमाई कानबाईचा उत्सव आणि लग्नसराईच्या कार्यक्रमांतूनच होईल. म्हणून व्हिडिओच्या वर्णनात बुकिंगचा नंबर आणि गीतकाराचं नाव पहिल्या दोन ओळींतच टाका.