मदत हवी आहे: फणसाच्या सावलीत, कोकणच्या पावसात टिकणारी फुलझाडं

घर रत्नागिरीजवळ. माती जांभ्याची, दीड फुटावर कातळ. गडग्यालगत (दगडी कुंपणालगत) 20 फूट लांब, 3 फूट रुंद पट्टा मोकळा आहे. फणसामुळे तिथे सकाळचं जेमतेम दोन तास ऊन.

गुलाब आणि शेवंती दोन वर्षं लावून पाहिली. आषाढात पानांवर काळे ठिपके, मग बुंधा कुजतो. बोट लावलं तरी साल सुटून हातात येते. वाफा वीतभर उंच केला, शेणखतात वाळू मिसळली, 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारलं. फरक नाही. जास्वंद जगली, पण फुलत नाही आणि पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) तिला सोडत नाही. सोनटक्का मोरीच्या पाण्यावर छान वाढलाय, पण या पट्ट्यात तेवढी ओल नाही.

एप्रिल-मेमध्ये विहीर खाली जाते, आठवड्यातून दोनदाच पाणी देता येतं. घरात लहान मूल आहे, म्हणून विषारी कण्हेर नकोच. कुंड्याही नकोत, मला जमिनीतलीच झाडं हवीत.

अबोली आणि पेंडगूळ मनात आहेत. एवढ्या कमी उन्हात यातलं कोणतं खरंच फुलतं? आणि रोपं मिरगाला लावू की पाऊस ओसरल्यावर?